कोर्टाच्या उंबरठ्यावरची बिनपगारी वर्षे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला 'संविधान आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितले होते. या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच, आणि माझ्यापेक्षा चांगले बोलतो. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय जरा खाली उतरवला आहे, संविधानाच्या पुस्तकातून कोर्टाच्या व्हरांड्यात आणला आहे. त्या व्हरांड्यात सकाळी साडेदहाला पांढरा शर्ट, काळी पॅन्ट घातलेली, हातात दुसऱ्याच्या फायली धरलेली मुलेमुली उभी असतात. त्यातली काही कायद्याची विद्यार्थी, म्हणजे इंटर्न. काही नुकतीच सनद मिळालेली, म्हणजे ज्युनिअर. या पोरांना महिन्याला काय मिळते? ती कोणाच्या घरची आहेत? आणि जी तिथे दिसायला हवी होती पण दिसत नाहीत, ती कुठे गेली? मला एवढेच बोलायचे आहे.

आधी नियम सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंटर्नशिप सक्तीची आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे. ती वकिलाकडे करा, न्यायाधीशांकडे करा, संस्थेत करा, कंपनीत करा. फक्त वकिलाकडे एकदा तरी गेलेच पाहिजे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर करता येत नाही. हेतू चांगलाच आहे. पुस्तक वाचून कोणी वकील होत नाही, तारीख कशी पडते हे उभे राहून पाहावे लागते. पण काम सक्तीचे आहे आणि पैसा सक्तीचा नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सगळे भाषण तिच्यावरच उभे आहे.

आपल्याच वस्तीतली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती इथे बसलेली असेल. तिला मुंबईला उच्च न्यायालयातल्या एका वकिलाकडे चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. ती माझ्याकडे सल्ला घ्यायला आली तेव्हा आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. पेइंग गेस्टमध्ये एका खाटेचे आठ हजार. खानावळीचे साडेचार हजार. लोकलचा पास, बस, झेरॉक्स, चहा मिळून दीड हजार. जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे. दोन पांढरे कुडते आणि बूट. बेरीज सतरा हजारांच्या वर गेली. समोरून मिळणार होते एक प्रमाणपत्र. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, मी इथेच कोणाकडे तरी करते." तिने इथेच केली. माझ्याकडेच केली, आणि चांगली केली. पण मुंबईतल्या त्या टेबलावर तिच्या जागी कोण बसले असेल, याचा अंदाज तुम्हाला येतो. ज्याचा काका दादरला राहतो, किंवा ज्याच्या वडिलांना सतरा हजार म्हणजे फार वाटत नाही, तोच बसला असेल.

इंटर्नशिप मिळते कशी तेही पाहा. मोठ्या वकिलाकडे, न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये अर्ज करायचा असतो. अर्जात पहिल्या ओळीला कॉलेजचे नाव येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे नाव असले की अर्ज उघडला जातो. त्या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा इंग्रजीतून असते. तिची फी अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण गटाला ४,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना ३,५०० रुपये राहिली आहे. सवलत पाचशेची! पुढे तिथली वार्षिक फी लाखांत. तालुक्याच्या लॉ कॉलेजातली आपली पोरे हुशारीत कमी नाहीत, पण त्यांच्या अर्जाची पहिली ओळच हलकी पडते. पाच वर्षांनी दोघांचे अर्ज शेजारी ठेवले की एक जड दिसतो आणि एक हलका. मग लोक त्या वजनाला गुणवत्ता म्हणतात.

आता कोणी म्हणेल, हे रडगाणे झाले, बाबासाहेबांनी काय सोसले नाही? बरोबर आहे, त्यांचेच उदाहरण घेऊ. बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करायची तेव्हा सनदेसाठी भरायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. ते त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी दिले. कोलंबिया आणि लंडनची पदवी हाती, तरी सॉलिसिटर त्यांच्याकडे काम पाठवीत नसत, कारण जात आड येई. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पोटासाठी. आपण ही गोष्ट त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती जिद्दीची आहेच. पण त्याच गोष्टीत एक भथेना आहे, हे आपण सांगायला विसरतो. त्या क्षणी ते पैसे मिळाले नसते तर जिद्दीने सनदेची फी भरता आली नसती.

त्या काळी विलायतेतही उलटाच प्रकार होता. शिकाऊ बॅरिस्टर ज्याच्या हाताखाली शिके त्याला स्वतःच फी मोजत असे. पण इंग्लंडने ती चाल बदलली. २००३ पासून तिथे शिकाऊ बॅरिस्टरला किमान मोबदला देणे सक्तीचे झाले, सुरुवातीला वर्षाला १० हजार पौंड. मोबदला देणार नसाल तर शिकाऊ ठेवू नका, असा तो नियम. आमच्याकडे शिकाऊ माणसाने फी देणे बंद झाले, पण त्याला देणे काही सुरू झाले नाही.

माझे स्वतःचे सांगतो. मला सनद मिळाली १९९६ साली. ज्या सिनिअरकडे लागलो त्यांचे नाव मोठे, कामही मोठे. सकाळी आठला त्यांच्या घरी जायचे, फायली लावायच्या, बोर्ड पाहायचा, पुकारा झाला की "सर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून वेळ मागायची, संध्याकाळी पक्षकार बसवायचे. अकरा महिने एक पैसा मिळाला नाही. दिवाळीला मिठाईचा डबा आणि पाचशे रुपयांचे पाकीट मिळाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनाही त्यांच्या सिनिअरने काही दिले नव्हते, आणि हीच रीत आहे असे ते मानीत. माझ्याबरोबर त्याच ऑफिसात आणखी एक जण होता. त्याचे वडील वकील. त्यालाही काही मिळत नव्हते. पण तो संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या कपाटातली पुस्तके वाचत असे, आणि मी शिकवणीला जात असे.

आणि राहत कुठे होतो? याच विहाराच्या मागच्या खोलीत. आता तिथे ग्रंथालय आहे. तेव्हा तिथे जयंतीची तोरणे, लाऊडस्पीकर आणि पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या असत. त्या वेळच्या सचिवांनी मला किल्ली दिली. भाडे नाही, फक्त सकाळच्या वंदनेआधी झाडून घ्यायचे. सव्वादोन वर्षे मी त्या खोलीत राहिलो. आज तुम्ही मला वकीलसाहेब म्हणता. तो विजेचा बल्ब आणि ती किल्ली नसती, तर मी चौथ्या महिन्यात गावी परत गेलो असतो आणि कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहीत बसलो असतो.

या सगळ्यात अलीकडे काही बदलले का? थोडे बदलले. पहिली गोष्ट सनदेच्या फीची. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ मध्ये नोंदणीची फी ठरलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. कायदा असा साधा असताना वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांनी १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत घेत होत्या. १२५ रुपये कुठे आणि १५ हजार कुठे! ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. आधी घेतलेले पैसे मात्र परत मिळणार नाहीत. तेव्हा इथल्या पालकांनो, मुलाला सनद घ्यायला पाठवताना हा निकाल लक्षात ठेवा, आणि जास्त मागितले तर पावतीवर तपशील मागा.

दुसरी गोष्ट विद्यावेतनाची. जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नई, मदुराई, कोईमतूर या शहरांत ज्युनिअरला महिना २० हजार आणि इतरत्र १५ हजार द्यावेत असे सांगितले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला बार कौन्सिल ऑफ इंडियाने सगळ्या देशासाठी परिपत्रक काढले: शहरी भागात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बार रूममध्ये ते परिपत्रक कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सिनिअर मंडळी हसली आणि ज्युनिअर खाली पाहू लागले. सरकारांपैकी केरळने २०१८ साली गरजू नव्या वकिलांना महिना ५ हजारांपर्यंत देण्याचा आदेश काढला, आंध्र प्रदेशाने २०१९ च्या डिसेंबरात तीन वर्षे महिना ५ हजारांची योजना सुरू केली होती. पाच हजारांत काय होते असे म्हणू नका. पाच हजारांत खोलीभाडे होते.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि तिच्यावर बोलताना मला जरा जपून बोलावे लागेल. १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले. अमरावतीचे सुपुत्र, दादासाहेब गवईंचे चिरंजीव, या पदावर बसलेले पहिले बौद्ध. त्या दिवशी आपण याच विहारात पेढे वाटले. त्यांच्या काळात, जून २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांच्या भरती-बढतीत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के आरक्षणाची पद्धत लागू झाली. ही अभिमानाची गोष्ट. पण शपथेनंतर सहाव्या दिवशी, २० मे रोजी, त्यांच्याच खंडपीठाने आणखी एक निकाल दिला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्या निकालाने पुन्हा आणली. माणूस आपला आहे म्हणून निकालावर बोलू नये, असे मला वाटत नाही.

निकालामागचे कारण खरे आहे. पंचविशीतला पोरगा एकही उलटतपासणी न पाहता न्यायासनावर बसतो, आणि त्याच्यासमोर माणसाचे घर, जमीन, स्वातंत्र्य असते. अनेक उच्च न्यायालयांनी तशी तक्रार केली होती. ती मी खोटी म्हणणार नाही. पण ही तीन वर्षे कोणाच्या पैशाने काढायची? बार कौन्सिलचाच ग्रामीण आकडा घ्या. १५ हजार गुणिले ३६ महिने म्हणजे ५ लाख ४० हजार. सिनिअरने ते दिले नाहीत तर तेवढा बोजा घरावर येतो. ज्या घरात पहिला पदवीधर कमावता होण्याची सगळे वाट पाहत आहेत, त्या घरावर.

आता आकडे पाहा म्हणजे हा प्रश्न कुठे टोचतो ते कळेल. २०१८ पासून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी शिफारस होणाऱ्यांकडून सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतली जाते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे, तेव्हापासून १७ जुलै २०२३ पर्यंत नेमलेल्या ६०४ न्यायाधीशांत ४५८ सर्वसाधारण गटातले होते. इतर मागासवर्गीय ७२, अल्पसंख्याक ३४, अनुसूचित जातींचे १८, जमातींचे ९. तेरांची माहिती नव्हती. शंभरात तीन! आणि जिल्हा न्यायालयांत? इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ प्रमाणे तिथे अनुसूचित जातींचे न्यायाधीश सुमारे १४ टक्के आहेत. स्त्रियांचेही तसेच. देशातल्या नोंदणीकृत वकिलांत स्त्रिया साधारण १५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालात उच्च न्यायालयांत स्त्री न्यायाधीश १३.४ टक्के, पण जिल्हा न्यायव्यवस्थेत ३६.३ टक्के.

एवढी तफावत का? जिल्ह्याला आरक्षण आहे हे एक कारण, ते लपवायचे नाही. पण मुलींच्या आकड्याकडे पाहा. जिथे अर्ज, परीक्षा, निकाल आणि पहिल्या महिन्यापासून पगार असा रस्ता आहे, तिथे आपली मुले आणि सगळ्या समाजांतल्या मुली दिसतात. जिथे ओळख, आडनाव आणि दहा-पंधरा वर्षांचा दम लागतो, तिथे ती गळून जातात. वरची न्यायालये मुख्यतः वकिलांमधूनच भरली जातात. म्हणजे तिथल्या न्यायासनावर कोण बसणार, याची चाळणी वीस वर्षे आधी, या व्हरांड्यातल्या बिनपगारी महिन्यांत लागलेली असते. आणि आता जिल्ह्याच्या परीक्षेच्या दारातही तशीच तीन वर्षे आली.

त्यातून एक वाट आहे, ती आपल्या मुलांना सांगा, कारण ती त्यांना माहीत नसते. न्यायमूर्तींच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून ठरावीक मुदतीची नेमणूक होते. निवाडे शोधणे, टिपणे काढणे असे काम. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या योजनेत तिचे मानधन महिना ८० हजार रुपये होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत ६५ हजार. सर्वोच्च न्यायालय आधी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा घेते, मग लेखी, मग मुलाखत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. आणि २० मे च्या त्याच निकालात म्हटले आहे की लॉ क्लर्कचा अनुभव तीन वर्षांत धरला जाईल. म्हणजे न्यायालयाला उमेदवाराला पैसे देऊन शिकवता येते, हे न्यायालयानेच दाखवून दिले आहे. जागा मात्र मोजक्या. आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची चाळीस पोरे बसतात, त्यातल्या एकानेही ही जाहिरात पाहिली नव्हती. मी मागच्या आठवड्यात विचारले.

इथवर दुसऱ्यांचे झाले. आता आपले. आपल्या समाजाचे वकील आज कमी नाहीत. या सभागृहातच मला नऊ काळे कोट दिसत आहेत. आपण आपल्या ज्युनिअरला काय देतो? मी आधी माझे सांगतो. माझ्याकडे पहिला ज्युनिअर आला २००७ साली, आपल्याच समाजाचा, भंडाऱ्याकडचा. पहिल्या दोन वर्षांत मी त्याला काहीही दिले नाही. कधी पेट्रोलला शंभर, कधी जेवण. मला वाटायचे, मी त्याला शिकवतो आहे, हेच खूप आहे. मलाही कोणी दिले नव्हते. माझ्या सिनिअरचेच वाक्य माझ्या तोंडात बसले होते आणि मला ते कळलेही नाही. एके दिवशी तो यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, "सर, बँकेच्या वसुलीच्या कामाला लागलो, बारा हजार देतात." तो पोरगा माझ्यापेक्षा चांगले अर्ज लिहायचा. त्याची पंचवीस पानांची एक लेखी कैफियत अजून माझ्या कपाटात आहे, नमुना म्हणून मी नव्यांना दाखवतो. त्याला मात्र मी ठेवू शकलो नाही. ठेवू शकलो नाही म्हणणेही खोटेच. मी ठेवले नाही.

त्यानंतर मी द्यायला लागलो. आधी तीन हजार, आज माझ्याकडच्या दोघांना प्रत्येकी बारा हजार देतो. परिपत्रकापेक्षा कमीच आहे, हे कबूल करतो. जिल्हा कोर्टातल्या सगळ्या सिनिअरना हे झेपत नाही हेही खरे. ज्याचे स्वतःचे महिन्याला तीस हजार सुटत नाहीत तो काय देणार? म्हणून एकट्या वकिलावर हे टाकून भागणार नाही.

समितीपुढे माझे मागणे असे. विहाराचा वर्धापनदिन, जयंती, मंडप, लाऊडस्पीकर यांवर आपला किती खर्च होतो तो ताळेबंद मागच्या पानावर छापलेला आहे. त्याला हात लावा असे मी म्हणत नाही, म्हटले तर मला परत बोलावणार नाहीत. (हशा) वेगळी वही करू. आम्ही नऊ वकील प्रत्येकी महिना दोन हजार देऊ. नोकरदार मंडळींनी जमेल तसे द्यावे, शंभर रुपयेही चालतील. त्यातून सुरुवातीला दोन ज्युनिअर आणि वर्षाला दोन इंटर्न एवढ्यांचे भागेल. ज्युनिअरला प्रत्येकी आठ हजार, पाच तारखेच्या आत, बँकेच्या खात्यात. हातात पाकीट नको, स्टेजवर बोलावून सत्कार नको, फोटो तर अजिबात नको. ज्याला दर महिन्याला हात पसरावा लागतो तो कोर्टात उभा राहून मोठ्याने बोलू शकत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. दोघांपैकी एक मुलगी असावी, आणि ज्याच्या घरात आधी कोणी वकील नाही त्याला पहिला मान असावा. मुंबईला इंटर्नशिपला जाणाऱ्याची राहण्याची सोय तिथल्या आपल्या नातेवाइकांकडे होते का, याची एक यादी महिला मंडळाने करावी. मुलींना परक्या ठिकाणी खाट शोधावी लागते तेव्हा किती पालक नाही म्हणतात, हे भगिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि मागच्या खोलीचे. आता तिथे पुस्तके आहेत, पेट्या गेल्या. रात्री ती बंद असते. तिथे एक खाट बसते, मी मोजून पाहिले आहे.

वही सचिवांकडे दिली आहे. पहिल्या पानावर माझे नाव आणि या महिन्याचे दोन हजार लिहिलेले आहेत. कार्यक्रम संपल्यावर खिचडीच्या रांगेशेजारी ते टेबल टाकून बसणार आहेत.

जयभीम!